उत्तर बरोबर, पण कारण काय?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



भूमितीसारख्या रुक्ष विषयावर मी बोलणार म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण आज मला प्रथम माझीच एक चूक आपणांपुढे कबूल करावयाची आहे.

मी सातवी-आठवीला गणित शिकवितो. समांतर रेषांना छेदिकेने छेदले असता संगत कोन समान असतात, व्युत्क्रम कोन समान असतात, ही वाक्ये माझ्या वर्गाला तोंडपाठ होती. एके दिवशी मी मुद्दाम समांतर नसलेल्या दोन रेषा काढल्या, त्यांना छेदिका काढली, एक कोन ७० अंश लिहिला आणि त्याचा व्युत्क्रम कोन विचारला. साऱ्या वर्गाने एका सुरात ‘सत्तर’ सांगितले. ‘सर, या रेषा समांतर आहेत का?’ असे एकानेही विचारले नाही!

दोष मुलांचा नव्हता. मी दर वेळी आगगाडीच्या रुळांसारख्या दोन आडव्या समांतर रेषाच काढीत आलो होतो. मुलांनी नावे पाठ केली. अट मात्र त्यांच्या नजरेस कधी आलीच नाही.

तेव्हापासून मी नावे मागाहून सांगतो. आधी शिंप्याची कात्री वर्गात नेतो. कात्री उघडली की पात्यांमधला कोन वाढतो, तसा मुठींमधलाही वाढतो. का? दोन सरळ रेषा छेदल्या आणि एक कोन ७० अंश असला, तर शेजारचा ११० अंश असलाच पाहिजे, कारण सरळ रेषेवर दोघांची बेरीज १८० अंश होते. मग त्या ११० च्या पलीकडचा, म्हणजे पहिल्यासमोरचा कोन पुन्हा ७० अंश. विरुद्ध कोन समान का, हे मूल स्वतःच सांगते. पाठ करावे लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या साध्या नात्यांचे सामर्थ्य पाहा. अल्-बिरूनी (जन्म इ. स. ९७३) या विद्वानाने पंजाबातील नंदना येथील किल्ल्याजवळच्या डोंगरावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. हे ठिकाण आज पाकिस्तानात आहे. आधी त्याने डोंगराची उंची मोजली. मग माथ्यावरून क्षितिजाकडे पाहताना नजर आडव्या रेषेच्या किती खाली झुकते, तो कोन मोजला. तो अर्ध्या अंशाहून किंचित जास्त भरला. पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन त्याला मोजता येणे शक्यच नव्हते. पण तो कोन आणि झुकण्याचा कोन हे दोन्ही एकाच कोनाचे कोटिकोन आहेत, म्हणून ते समान आहेत, हे त्याने ओळखले. जिथे हात पोहोचत नाही तिथे कारण पोहोचते, ते असे.

पालकहो, आठवीत ‘का’ न समजलेले मूल नववीत सिद्धतेपाशी अडखळते. मग घरात म्हणतात, ‘याच्या डोक्यात गणित नाही’, आणि मुलाला कामाला लावतात. मुलगी असेल तर एवढाही विचार होत नाही. एका न समजलेल्या अटीपायी शिक्षण सुटावे, ही केवढी हानी!

‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?’ असे आपण म्हणता. आपल्याला भूमिती यावयास नको. रात्री वही उघडून फक्त एवढेच विचारा, ‘बेटा, हे ७० कशावरून?’ उत्तर देता आले नाही तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारायला सांगा. आपल्यापैकी कोणी सुतारकाम करीत असेल, तर मुलाच्या हाती गुण्या द्या आणि चौकट काटकोनात आहे की नाही, हे त्यालाच तपासू द्या.

विद्यार्थ्यांनो, प्रत्येक पायरीसमोर कंसात कारण लिहा. आकृती तिरकी वाटली तर वही फिरवून पाहा. आणि शिक्षक फळ्यावर दोन रेषा काढतील तेव्हा निर्भयपणे विचारा, ‘सर, या समांतर आहेत का?’ तो प्रश्न मला पुन्हा न ऐकता घरी जावे लागू नये, एवढीच दुआ करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.