घरबसले काम आणि नवी कल्पना



कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांनी दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि याच कात्रजमधून हिंजवडीचे कामही घरबसल्या होऊ लागले. दोन खोल्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर संगणक आला. कित्येकांचा तो अजून हललेला नाही. पाणी दुरून आणता येते. चार जणांनी मिळून काढायची नवी कल्पना तशी आणता येईल काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

पुण्याला हा प्रश्न अगदीच नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली; ती 1966 मध्ये पुरी झाली. बाराशेंहून अधिक पोथ्या पाहिल्या गेल्या. पोथ्या ताडण्याचे काम पुण्यात चाले, तसेच शांतिनिकेतनात आणि तंजावरासही चाले. आखलेल्या कागदावर वर श्लोकाचे एकेक अक्षर, खाली पोथ्यांतील पाठभेद. घरे आखलेली असली, म्हणजे लिहिणारा तंजावरचा की पुण्याचा, याने काय बिघडते? पुढे विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी, उद्योगपर्व डाक्क्याच्या सुशीलकुमार डे यांनी, आणि सभापर्व तर अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एजर्टन यांनी संपादिले! दूर राहून केलेल्या कामाचा याहून भारदस्त दाखला आम्हांस ठाऊक नाही.

परंतु आधी काय घडले तेही पाहावे. 1923 मध्ये उत्गीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती काढली, ती देशोदेशीच्या विद्वानांकडे अभिप्रायार्थ गेली, आणि टीका टपालाने परत आली. पारख दुरून झाली. पण पोथ्यांची कुळे लावून मूळ संहिता ठरवायची कशी, ही रीत 1925 मध्ये प्रमुख संपादक झालेल्या विष्णु सीताराम सुखठणकरांनी संस्थेत, पोथ्यांच्या गराड्यात बसवली. ती बसल्यावर मग दूर धाडता आली.

2022 साली ‘नेचर’मध्ये ब्रक्स आणि लेव्हाव यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देशांतील सुमारे दीड हजार अभियंत्यांच्या जोड्या केल्या. काही समोरासमोर, काही पडद्यावर. पडद्यावरच्यांना कल्पना कमी सुचल्या. मात्र सुचलेल्यांतून एक निवडण्यात ते मागे पडले नाहीत. कारण मोठे गमतीचे आहे. पडद्याशी बोलणाऱ्याची नजर पडद्यावरच खिळते. खोलीत बसलेल्याची इकडेतिकडे भटकते, आणि नजरेबरोबर मनही भटकते. वर्गात खिडकीबाहेर पाहिल्याबद्दल आम्ही मार खाल्ला, त्याचे समर्थन इतक्या उशिरा मिळावे!

घरून काम म्हणजे आळस, हे आम्हांस मान्य नाही. रोजचे तीन तास बसमध्ये घालवणाऱ्यास, किंवा तान्ह्या मुलामुळे नोकरी सोडावी लागली असती त्या भगिनीस, हे कोणी सांगू नये. नुकसान होते ते नुकत्याच लागलेल्या मुलाचे. ठरलेल्या कामाची आखलेली घरे तो बिनचूक भरतो. पण ती घरे आखली जाताना तो कधी शेजारी नव्हता.

म्हणून मालकांना आमची विनंती आहे. नव्या कामाची आखणी व्हायची असेल त्या दिवशी सर्वांस, त्या मुलासही, एका खोलीत बसवा. निव्वळ हजेरीसाठी हिंजवडीस बोलावून, तेथे कानाला यंत्र लावून बंगलोरच्या माणसाशी पडद्यावरच बोलायला लावणार असाल, तर त्याला कात्रजलाच राहू द्या.