मुंगेरचे खासदार मधू लिमये

१९६४ साली बिहारमधल्या मुंगेर मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समाजवाद्यांनी तिथे उभा केला तो पुण्यात जन्मलेला, फर्ग्युसनमध्ये शिकलेला मराठी माणूस. तिथे त्याची ना जात होती, ना गोत. तरी मधू लिमये निवडून आले आणि १९६७ मध्ये पुन्हा आले. पुढे १९७३ ची पोटनिवडणूक आणि १९७७ ची सार्वत्रिक निवडणूक त्यांनी शेजारच्या बांक्यातून जिंकली. चार वेळा लोकसभेत गेले, चारही वेळा बिहारमधून. त्यामागे समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहियांचं मागासांसाठी वाटा मागणारं राजकारण होतं, हे खरं. पण नुसत्या पक्षाच्या बळावर परमुलखातला माणूस एवढा टिकत नाही.

मुंगेरला येण्याआधीच तुरुंग त्यांच्या ओळखीचा होता. विशीच्या आत, १९४० मध्ये, ते धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींच्या सहवासात होते. १९५५ मध्ये गोव्यात सत्याग्रहाला गेले, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. सुमारे एकोणीस महिन्यांनी सुटका झाली.

लोकसभेत लिमये उठले की मंत्री कागद चाळू लागत, असं जुने लोक सांगतात. आवाज तर होताच, पण खरी ताकद होती नियमांच्या पुस्तकात. १९७४ मध्ये खासदारांच्या खोट्या सह्यांचं आयात परवाना प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारला धारेवर धरणाऱ्यांत ते पुढे होते.

त्यांची लढण्याची रीत दिसते ती बिहारमधल्या लखीसरायच्या घटनेत. ६ नोव्हेंबर १९६८. लखीसराय रेल्वे स्टेशनवर लिमये आणि त्यांच्या साथीदारांना पोलिसांनी पकडलं. कारण विचारलं, तर ‘जामीनपात्र कलमं आहेत’ एवढंच उत्तर. लिमयांनी त्याच दिवशी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं: आम्हाला अटकेची कारणं सांगितलेली नाहीत. घटनेच्या ३२ व्या कलमाखाली तेच पत्र याचिका ठरलं. कारणं कळवणं हा २२ व्या कलमाने दिलेला हक्क आहे आणि तो पाळला गेला नाही, म्हणून न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. लाठी उगारणाऱ्या यंत्रणेपुढे ते राज्यघटना घेऊन उभे राहिले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही हा निकाल अभ्यासावा लागतो, आणि त्यांच्या नावाचा हा एकच निकाल नाही. १९७७ चा ‘मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा फौजदारी वकिलांच्या रोजच्या बोलण्यातला निकाल आहे.

आणीबाणीत ते मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत होते. मार्च १९७६ मध्ये लोकसभेची पाच वर्षं भरली. सरकारने निवडणूक न घेता मुदत वर्षभराने वाढवली. लिमयांनी तुरुंगातून राजीनामा धाडला. मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडलं, सहाव्या वर्षाचा अधिकार आपल्याला नाही, ही त्यांची भूमिका. तरुण शरद यादवांनीही तेच केलं. विरोधी पक्षांतले बाकी खासदार मात्र जागेवर राहिले. या एका कृतीसाठी लिमयांना संसदेच्या इतिहासात मानाचं पान द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आणीबाणीनंतर आलेल्या जनता पक्षाच्या राजवटीत ते मंत्री झाले नाहीत, पक्षाचे सरचिटणीस झाले. जनता पक्षात राहून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही बांधिलकी ठेवता येणार नाही, हा दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न त्यांनी लावून धरला. १९७९ मध्ये सरकार कोसळलं, त्याचा दोष पुष्कळांनी त्यांच्या माथी मारला. तो वाद टाळून पक्ष टिकला असता, असं मला वाटत नाही. पण पर्याय हाताशी नसताना तो इतका ताणायला नको होता, असंही वाटतं. त्याची किंमत त्यांनी स्वतःही मोजली: १९८० मध्ये ते बांक्यातून हरले.

नंतर सक्रिय राजकारण सोडून ते लिहीत राहिले, इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. तोवर त्यांनी माजी खासदाराचं निवृत्तिवेतन घेतलं नव्हतं, स्वातंत्र्यसैनिकाचंही नाही.