अस्थानी गर्भधारणा : पहिल्या बारा आठवड्यांचा प्रश्न

(भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी वैद्यकाचा नव्हे, अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. तरीही आज अस्थानी गर्भधारणेविषयी बोलणार आहे. कारण या व्याधीत स्त्रीचा जीव वाचणे हे शल्यकौशल्याइतकेच वेळ, वाहन आणि रक्त यांच्या उपलब्धतेवर अवलंबून असते.

शंभर गर्भधारणांपैकी एक ते दोन वेळा फलित बीज गर्भाशयाबाहेर रुजते. त्यांतही नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा गर्भनलिकेत. नलिका फुटली की पोटात रक्तस्राव होतो. हा गर्भ वाचवता येत नाही. स्त्री मात्र वाचू शकते. १८८३ साली इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनी फुटलेली नलिका काढून रुग्णाचे प्राण वाचवले. आज वेळेत निदान झाल्यास अनेकदा मेथोट्रेक्सेट हे औषधही पुरते.

उपाय ज्ञात असताना अडचण कोठे आहे? २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३, तर छत्तीसगडमध्ये १३७ होते. गर्भ कोठेही रुजलेला असो, असा मृत्यू मातामृत्यूच गणला जातो. योजनांचा भर मात्र प्रसूतीवर राहिला. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने संस्थात्मक प्रसूतीला चालना दिली. २०१६ चे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील तपासणीसाठी आहे. नलिका बहुधा त्याआधीच फुटते.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. आपल्या कुटुंबनियोजनाचा मोठा भार स्त्री-नसबंदीवर आहे. ती क्वचितच अयशस्वी ठरते. पण त्यानंतर राहिलेला गर्भ अस्थानी असण्याची शक्यता बरीच अधिक असते. 'ऑपरेशन झाले आहे' या समजुतीने पाळी चुकल्याकडे दुर्लक्ष होते आणि मौल्यवान तास हातचे जातात.

भिलाईत सेक्टर ९ चे मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. दूरच्या पाड्यावर ते नाही. तेथे २००२ पासून कार्यरत असलेली मितानीन हाच पहिला आधार. पाळी चुकणे, ओटीपोटात एका बाजूला दुखणे, रक्तस्राव, भोवळ, खांद्यात कळ ही लक्षणे नसबंदी झालेल्या स्त्रीतही दिसल्यास लघवीची गर्भतपासणी करून त्याच दिवशी तिला सोनोग्राफीच्या ठिकाणी पोहोचवावे. भोवळ वा तीव्र वेदना असल्यास तपासणीसाठीही न थांबता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. तेथे रक्तसाठा व भूलतज्ज्ञ असणे ही शासनाची जबाबदारी आहे.

प्रसूतीपर्यंत पोहोचूच न शकलेल्या या माता आपल्या नियोजनात आल्या पाहिजेत, एवढेच माझे मागणे आहे.