‘होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नका

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते. मी डॉक्टर नाही आणि फिजिओथेरपिस्टही नाही. आज जे सांगणार आहे ते आधी पेशंट म्हणून अनुभवलं आणि मग वाचून, विचारून समजून घेतलं. विषय ऐकून काही जण मान खाली घालतील. घाला, पण ऐका. मुलांनी तर जास्तच ऐका.

माझी मुलगी आठ महिन्यांची होती. 26 आठवड्यांची रजा संपून ऑफिस सुरू झालं होतं. एका मीटिंगमध्ये कुणीतरी विनोद केला, सगळे हसले, मीही हसले, आणि माझी लघवी सुटली. मीटिंग संपली तरी मी खुर्चीवरून उठले नाही. सगळे जाईपर्यंत लॅपटॉप उघडून काम करत असल्याचं दाखवत राहिले. त्या दिवसापासून पर्समध्ये पॅड आलं. कपडे गडद रंगाचे झाले. पाणी पिणं कमी झालं.

घरी नमाज पढतानाही तेच. सजद्यातून उठताना थेंब गेल्यासारखं वाटायचं. वजू राहिला की तुटला, हाच विचार डोक्यात. एका नमाजसाठी दोन-दोनदा वजू करायचा. शेवटी मी नमाजच टाळू लागले आणि त्याचं कारण कुणालाही सांगितलं नाही.

बऱ्याच दिवसांनी अम्मीला सांगितलं. ती बाळाचे कपडे घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, “अगं, पोरं झाली की होतंच असं. मला तू झालीस तेव्हापासून आहे.”

म्हणजे तीस वर्षांहून जास्त. तेव्हा मला एकेक गोष्ट आठवायला लागली. अम्मी लांबच्या लग्नांना एसटीने यायला का नकार द्यायची, कुणाच्याही घरी गेलं की आधी बाथरूम कुठे आहे ते का विचारायची, खोकला आला की पाय आवळून का उभी राहायची. आम्हाला वाटायचं, तिचा स्वभावच तसा आहे. तो स्वभाव नव्हता, आजार होता, आणि घरात कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या क्षेत्रात एखादी चूक सगळ्यांना माहीत असते, पण कुणी दुरुस्त करत नाही. ‘नोन इश्यू’ असा शिक्का मारून तिकीट बंद करतात. ‘होतंच असं’ हा आपल्या घरांतला तोच शिक्का आहे.

आता हे का होतं ते सांगते. कंबरेच्या हाडांच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक थर असतो. त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. बाळाची झोळी डोळ्यांसमोर आणा. त्या झोळीत मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक टेकलेलं असतं. लघवी, वारा आणि शौच रोखून धरण्याचं कामही हेच स्नायू करतात. गरोदरपणात नऊ महिने त्यांच्यावर वजन पडतं. प्रसूतीच्या वेळी ते मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात, कधी फाटतात, टाके पडतात. सिझेरियनमध्ये हा ताण वाचतो, पण नऊ महिन्यांचं वजन वाचत नाही. म्हणून सिझेरियन झालेल्या बायकांनाही हा त्रास होऊ शकतो.

मग हसताना, खोकताना, शिंकताना, घागर उचलताना पोटातला दाब खाली येतो आणि सैल झालेली झोळी तो पेलू शकत नाही. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एका बाईला लघवी सुटण्याचा त्रास होतो. काहींना शौचावर किंवा वाऱ्यावर ताबा राहत नाही. काहींना खाली जड वाटतं, काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. आपल्याकडे त्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. काहींना संबंधाच्या वेळी दुखतं, आणि तेही त्या मुकाट्याने सोसतात. हे सगळं सर्रास आढळतं, पण म्हणून ते सोसायचं असतं असं नाही. गुडघ्याचा स्नायू दुखावला तर आपण फिजिओथेरपी घेतो. हाही स्नायूच आहे.

हे नवीन शास्त्र नाही. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली या व्यायामावर लेख प्रसिद्ध केला. म्हणून त्याला केगेल व्यायाम म्हणतात. ब्रिटनमध्ये लघवी सुटण्याच्या या त्रासावर पहिला उपचार म्हणून ऑपरेशन नाही, तर किमान तीन महिने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हा व्यायाम करायला सांगतात. रोज तीन वेळा, दर वेळी किमान आठदा. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर त्याची सत्रं लिहून दिली जातात आणि खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर व्हिडिओ बघून करता येईल की. मीही तेच केलं होतं. दोन महिने केलं, फरक शून्य. मग एका मैत्रिणीने पेल्विक हेल्थचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंचा पत्ता दिला. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की मी स्नायू वर खेचण्याऐवजी श्वास कोंडून खाली ढकलत होते. म्हणजे दुखणं वाढेल असाच व्यायाम करत होते. अशी मी एकटीच नव्हे. 1991 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 47 बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावून सांगितला. त्यांच्यापैकी जेमतेम निम्म्या बायकांना तो नीट जमला. पाव बायका अशा रीतीने करत होत्या की त्रास वाढू शकला असता. शिवाय काही बायकांचे हे स्नायू सैल नसतात, उलट आखडलेले असतात. त्यांना आवळायला नाही, सोडायला शिकवावं लागतं. हे व्हिडिओला कळत नाही.

तपासणीची मला खूप भीती होती. तिथे काय झालं ते सांगते, म्हणजे तुमची भीती कमी होईल. आधी बराच वेळ फक्त प्रश्न विचारले: लघवीला किती वेळा जाता, बद्धकोष्ठ आहे का, टाके किती होते, बाळाला कसं उचलता. मग अंगावर चादर देऊन, दार बंद करून, परवानगी विचारून तपासणी. आतून तपासू द्यायचं नसेल तर तसं सांगता येतं. बाहेरूनही काही अंदाज घेता येतो. तपासणाऱ्या ताईच होत्या.

त्यांनी शिकवलेलं थोडक्यात असं. वारा आणि लघवी अडवताना आपण जे आवळतो, तेच वर आणि आत खेचायचं. काही सेकंद धरायचं आणि पूर्ण सोडायचं. सोडणं हाही व्यायामच. श्वास चालू ठेवायचा. मांड्या आणि ढुंगण आवळायचे नाहीत. खोकला किंवा शिंक येण्याच्या क्षणभर आधी आवळून घ्यायचं. लघवी करताना मधेच थांबवण्याचा सराव मात्र रोज करायचा नाही. शौचाला कुंथायचं नाही. आणि पाणी तोडायचं नाही. कमी पाण्याने लघवी घट्ट होते, मूत्राशय जास्तच चिडतं आणि बद्धकोष्ठ वाढतं.

तीन महिन्यांनी मी पॅडशिवाय ऑफिसला गेले. अम्मीलाही घेऊन गेले. आधी म्हणाली, “या वयात काय करायचंय?” मग आली. तिचा त्रास पूर्ण गेला नाही, ते खोटं सांगणार नाही. पण मागच्या ईदला ती एसटीने खालाकडे जाऊन आली. वाटेत एकदाच उतरली.

आपल्या घरांत बाळंतिणीची काळजी घेत नाहीत असं नाही. चाळीस दिवस तिला जपतात. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, पोटाला पट्टा. यात खूप माया आहे. पण पोट बांधल्याने खालचे स्नायू बळकट होत नाहीत, आणि एकेचाळिसाव्या दिवशी तीच बाई पाण्याचे हंडे उचलायला लागते. दीड महिन्याच्या लशीसाठी बाळाला नेतात, तेव्हा बाळाचं वजन होतं, कार्डावर नोंद होते. मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या आईला कुणी विचारत नाही. दवाखान्यात प्रसूती झाली की आशाताई 42व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. त्या भेटींत एक प्रश्न पुरेसा आहे: “खोकताना लघवी सुटते का? खाली जड वाटतं का?” तुमच्या वस्तीतल्या आशाताईंना, डॉक्टरांना हे विचारायला सांगा. आपण तेवढं नक्की करू शकतो.

हयेचा मुद्दा निघतोच. अन्सारच्या स्त्रियांना लाज दीन शिकण्याच्या आड आली नाही, म्हणून हजरत आयेशा यांनी त्यांचं कौतुक केल्याचं आपण ऐकत आलो आहोत. वजू टिकत नसेल तर शरीअतमध्ये सवलत आहे. तपशील जाणकारांना विचारा आणि माझ्यासारखी नमाज सोडू नका. पण ती सवलत इबादतीसाठी आहे. उपचार न करण्यासाठी नाही.

मुलांनो, आता तुमच्यासाठी. तुमची बायको, बहीण किंवा भाभी बाळंत झाली असेल तर तिने कधी सांगितलं तर हसू नका. आठवड्यातून एकदा तासभर बाळ सांभाळा, तिला दवाखान्यात जाऊ द्या. माझ्या नवऱ्याने फार मोठं काही केलं नाही. दर शनिवारी बाळाला घेऊन क्लिनिकच्या बाहेर बसला. तेवढं नसतं तर मी दुसऱ्या सत्रालाही गेले नसते.

मुलींनो, फिजिओथेरपीची पदवी असलेले सगळेच हे काम करत नाहीत. पेल्विक हेल्थचं प्रशिक्षण घेतलंय का, ते आधी विचारा. जवळपास कुणी नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना पत्ता विचारा. लघवी दिवसरात्र सतत झिरपत असेल, लघवीतून रक्त जात असेल, जळजळीबरोबर ताप असेल, शौचावर ताबा नसेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर व्यायामाची वाट बघू नका, आधी डॉक्टर गाठा.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आईला किंवा नानीला बाजूला घेऊन हळूच विचारा. ती बहुतेक म्हणेल, “होतंच असं.” तेव्हा तिला सांगा, “होतं, पण बरंही होऊ शकतं.”