एकवीस घरे आणि आपली लिपी



या व्यासपीठावर आपण मोठमोठे विषय ऐकले आहेत. आज आम्ही एक लहानसे यंत्र घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. परंतु त्याने आमच्यापुढे जो प्रश्न टाकला, तो लहान नव्हता.

ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या ‘स्पेक्ट्रम’ या घरगुती संगणकाची पुढची आवृत्ती डेसिबेल्स या भारतीय कंपनीने १९८६ साली परवान्याने आपल्या देशात आणली. तेव्हाच्या औरंगाबादेत आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून एक घेतला. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि दप्तर म्हणजे गाण्यांचा टेपरेकॉर्डर! ‘टासवर्ड टू’ नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम कॅसेटवरून कर्कश किंचाळत काही मिनिटांनी यंत्रात उतरे. मग पडद्यावर लिहावे, चुकलेले अक्षर पुसावे, जागा करून मध्येच शब्द घालावा. एका चुकीपायी टाइपरायटरवर सारे पान पुन्हा काढणाऱ्यालाच या सुखाची किंमत कळेल. मात्र मजकूर कॅसेटवर उतरवण्यापूर्वी वीज गेली, की सारे श्रम पाण्यात. आणि विजेचा लहरीपणा मराठवाड्याला आम्ही काय सांगावा?

पण लिहायचे ते इंग्रजीत. पडद्याची रुंदी २५६ ठिपक्यांची आणि ओळीत अक्षरे ६४. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार ठिपके. त्यात आपला ‘क्ष’ कोठे मावणार? स्वतःची अक्षरे घडवण्यासाठी यंत्रात निराळी सोय होती. परंतु तीही आठ ठिपके लांब, आठ रुंद अशा अवघ्या २१ घरांची. आम्ही चौकटीच्या वहीत ठिपके मांडत बसलो. व्यंजनेच पुरी मावेनात, काना-मात्रा दाराबाहेर! त्यात ऱ्हस्व वेलांटीने पेच टाकला. ‘कि’ लिहिला तर वेलांटी आधी दिसते, उच्चारला तर नंतर येते. यंत्राला कोणता क्रम सांगावा? अक्षर म्हणजे आकृती की उच्चार?

जाणकारांनी याचे उत्तर दिले. १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या ‘इस्की’ संकेतात आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडात ‘क’ आधी, वेलांटी नंतर, असा उच्चाराचाच क्रम साठवला जातो. आकृती जुळवणे हे निराळे काम. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ कार्डाने ही सोय साध्या संगणकावर आणली.

तथापि त्या दशकात पुष्कळ फाँटांनी आकृतीच साठवल्या, आणि प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. परिणाम ऐका. आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांनी मुक्तिसंग्रामाच्या आठवणी १९९६ साली एका दुकानात टाइप करून घेतल्या. आज ते नाहीत. फ्लॉपीवरची फाइल नातवाने उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा! आजोबांचे शब्द तेथे आहेत. पण ते वाचण्याची किल्ली दुकानाबरोबर गेली.

येथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे बिघडलेले पाठ तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलांत मजकूर मलिन झाला होता; पण नाथांना तो निदान वाचता तरी येत होता. आपल्या नातवंडांना आपल्या फाइली तेवढ्याही वाचता येणार नसतील, तर ती उणीव यंत्राची नव्हे, आपल्या निष्काळजीपणाची.

म्हणून आमची एवढीच विनंती. घरी जुन्या फाइली असतील तर आजच काढा. फाँटचे नाव ठाऊक असेल, तर युनिकोडात रूपांतर बहुधा होते. एखादे छापील पान हाती असेल, तर ते ताडून पाहता येते. मग मजकूर साध्या, नटवेपणा नसलेल्या फाइलीत ठेवा आणि दोन ठिकाणी जपा. एकवीस घरांत आम्हाला मराठी मावली नाही. आता घरे मुबलक आहेत. त्यांत आपल्या माणसांचे शब्द नीट ठेवणे तेवढे आपल्या हाती आहे.