कोरम लागत नाही



कविता ऐकायची म्हणून तुम्ही मला उभं केलंत. आज कविता नाय. आज एक सरकारी कागद सांगतो. त्यातली एक गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाय.

१४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण अधिसूचना. मोठं बंदर, धरण, खाण काढायची तर आधी जनसुनावणी. लोकांना ३० दिवसांची नोटीस. अध्यक्ष कलेक्टर, नाहीतर त्याचा अधिकारी. व्हिडीओ काढायचा. आणि सुनावणी सुरू करायला कोरम लागत नाही! आपल्या चाळीच्या मंडळात माणसं कमी भरली तर मिटिंग तहकूब होते. इथं अख्ख्या गावाचा समुद्र घ्यायचाय, तरी माणसं आली काय, न आली काय. मतदान नाही. तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. लिहिलेलं दिल्लीच्या तज्ज्ञांकडं जातं. अहवाल शेकडो पानं इंग्रजीत, आपल्या भाषेत नुसता सारांश. सारांशात आपण किती उरतो?

वाढवण घ्या. डहाणू तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. १९९१ साली सरकारनंच हा तालुका पर्यावरणासाठी नाजूक ठरवला. १९९६ साली सुप्रीम कोर्टाच्या हुकुमानं तिथं प्राधिकरण बसलं, अध्यक्ष न्यायमूर्ती धर्माधिकारी. १९९८ साली त्या प्राधिकरणानं बंदर नाकारलं. २०१९ साली धर्माधिकारी गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली. समुद्र तोच, मच्छीमार तेच. मग १९ जानेवारी २०२४ ला जनसुनावणी, फेब्रुवारीत दिल्लीची मंजुरी, ३० ऑगस्टला भूमिपूजन. ७६,२२० कोटींचं काम. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. मच्छीमार कित्येक वर्षं मोर्चे काढतायत. त्यांचं बोलणं कागदावर आहे. वजन कुठंय?

आता आपल्या घरातलं भांडण. आपल्यातलेच काही म्हणतात, मासे न् झाडं हे पोट भरलेल्यांचे लाड, आपल्याला काम पाहिजे. मी पण हेच म्हणायचो. बंदर ही माझी भाकरी आहे, मी कशाला नाही म्हणू? मग आमच्या धक्क्यावर यंत्र आलं. जिथं अख्खी टोळी पोती वाहायची तिथं वर केबिनमध्ये एकटा पोरगा. आम्हाला कुणी विचारलं नाही. मुकादम म्हणाला, उद्यापासून निम्मे या. निम्मे म्हणजे कोण, ते पण त्यानंच ठरवलं. वाढवणला कंटेनरचंच बंदर होणार. लाखो रोजगार सांगतात, त्यात खांद्याला काम किती ते सांगत नाहीत. त्या कोळ्याला विचारलं नाही, मला पण नाही. मग त्याच्याशी माझं वैर कशापायी?

यंत्राशी पण वैर नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हा दामोदर खोऱ्याच्या धरणांची योजना त्यांनीच पुढं रेटली. सवाल आहे तो कोण ठरवणार याचा. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. पाणी ओंजळीत आलं २० मार्च १९२७ ला, माणसं चालत गेली तेव्हा.

म्हणून काही जण म्हणतात तसा सुनावणीवर बहिष्कार मला पटत नाही. कोरम लागत नाही म्हणजे आपण नसलो तरी त्यांचं भागतं. जायचं. आधी सगळा अहवाल मराठीत मागायचा, लेखी. आपलं बोलणं इतिवृत्तात जसंच्या तसं आलं का ते सही करण्याआधी वाचायचं. मुंबईत, ठाण्यात पुढची नोटीस निघाली की मला कळवा. रात्रपाळी असली तरी सकाळी थेट तिकडं येतो.