साधन आणि अपराध

लातूर आणि नांदेड हीं मराठवाड्यांतील दोन शहरें आज महाराष्ट्राला विद्यार्थ्यांचीं शहरें म्हणून परिचित आहेत. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं जवळच्या-दूरच्या जिल्ह्यांतून मुलें-मुली येथें येतात, भाड्याच्या खोलींत राहतात, आणि वर्गांत न उमगलेला भाग रात्रीं मोबाइलच्या पडद्यावर पुन्हां पाहतात. असा एखादा विद्यार्थी सुटींत किनवट किंवा अहमदपूर तालुक्यांतील आपल्या गांवीं निघाला, आणि तेथें इंटरनेटचा भरंवसा नाहीं म्हणून त्यानें भौतिकशास्त्राचे दहा पाठ यूट्यूबवरून उतरवून घेतले, तर त्यानें चोरी केली काय? आणि ज्या साधनानें ते उतरविले, तें साधनच लोकांपासून काढून घ्यावें काय?

यांतील दुसरा प्रश्न २०२० सालीं अमेरिकेंत प्रत्यक्ष उपस्थित झाला. यूट्यूब-डीएल नांवाचें सॉफ्टवेअर २००६ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. व्हिडिओचा पत्ता दिला असतां तो संगणकावर उतरवून ठेवणें, एवढेंच त्याचें काम. तें मुक्त-स्रोत आहे. म्हणजे ज्या आज्ञांनीं तें चालतें, त्या कोणासही वाचतां येतात, सुधारतां येतात आणि विनामूल्य वापरतां येतात. या आज्ञा अमेरिकेंतील गिटहब या कंपनीच्या सार्वजनिक कोठारांत ठेवलेल्या होत्या. २३ ऑक्टोबर २०२० रोजीं तेथील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघानें गिटहबला नोटीस दिली, आणि हें सॉफ्टवेअर, त्याच्या अन्य प्रतींसह, काढून टाकण्यांत आलें. कोणत्याही न्यायालयानें निकाल दिलेला नव्हता. एक पत्र पुरेसें झालें.

संघाचे आक्षेप दोन होते. यूट्यूबनें व्हिडिओला घातलेलें कुलूप हें साधन फोडतें, हा पहिला. आणि साधनाच्या चांचणीच्या भागांत प्रसिद्ध गाण्यांचे पत्ते दिलेले आहेत, हा दुसरा. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानें असें कुलूप फोडणारें साधन लोकांस पुरविण्यासच मनाई केलेली आहे. मग त्या साधनानें कोणी प्रत्यक्ष कांहीं चोरलेलें असो वा नसो. यावर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनें विकसकांच्या वतीनें उत्तर दिलें, कीं येथें कुलूप फोडलेंच जात नाहीं. यूट्यूबचें पान ज्या सूचना प्रत्येक ब्राउझरला देतें, त्याच हें सॉफ्टवेअर वाचतें. आणि चांचणींत गाण्याचे आरंभींचे कांहीं क्षणच घेतले जातात. तें पटून १६ नोव्हेंबर रोजीं गिटहबनें सॉफ्टवेअर पूर्ववत् ठेविलें, आणि विकसकांच्या कायदेशीर बचावासाठीं दहा लाख डॉलरांचा निधि जाहीर केला.

कलावंतांची बाजू येथें उपेक्षून चालणार नाहीं. ज्या चित्रपटासाठीं निर्मात्यानें कर्ज काढलें, तो पहिल्याच आठवड्यांत घरोघर फुकट पोंचला तर त्याचें नुकसान खरें असतें. गायकाचा आणि गीतकाराचा मोबदलाही खराच असतो. शिवाय परवानगीवांचून व्हिडिओ उतरवूं नये, अशी यूट्यूबची स्वतःची अटही आहे. २०२३ सालीं जर्मनींतील हॅम्बुर्गच्या न्यायालयानें याच सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळाला जागा देणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. तेव्हां हा वाद मिटलेला आहे असें म्हणतां येत नाहीं.

परंतु याच साधनानें पत्रकार एखाद्या घटनेचें चित्रण पुराव्यासाठीं जपून ठेवतात, आणि ज्या शिक्षकानें आपले पाठ खुल्या परवान्यानें दिले त्याचे पाठ विद्यार्थी घेतात. १९८४ सालीं अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयानें सोनीच्या व्हिडिओ यंत्राच्या खटल्यांत ठरविलें होतें, कीं ज्या यंत्राचा निर्दोष उपयोगही भरपूर आहे, त्याच्या दुरुपयोगाचा दोष तें विकणाऱ्यावर येत नाहीं.

भारतीय कायद्याची दृष्टि या बाबतींत अधिक विवेकी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ५२ वें कलम खाजगी उपयोगासाठीं व अभ्यासासाठीं केलेला उचित वापर मान्य करतें. २०१२ सालीं त्यांत घातलेलें ६५अ कलम कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगतें, पण हक्क बुडविण्याचा हेतु असेल तरच. इंटरनेटवरील मजकुराची वाट मोकळी करून देणाऱ्या मध्यस्थाकडे लेखी तक्रार आली, तर त्यानें ती वाट एकवीस दिवस बंद ठेवावी. तेवढ्या मुदतींत न्यायालयाचा आदेश न आल्यास ती पुन्हां खुली करण्यास तो मोकळा असतो. २०१६ सालीं ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति गौतम पटेल यांनींही हीच सावधगिरी दाखविली. संपूर्ण संकेतस्थळावर अवैध मजकुराशिवाय दुसरें कांहींच नाहीं, हें दाखविल्याशिवाय तें सरसकट बंद करण्यास त्यांनीं नकार दिला.

अडचण आहे ती निराळीच. साधनाचें कोठार अमेरिकेंत, म्हणून नोटीस लागू होते ती अमेरिकेच्या कायद्याची. लातूरच्या विद्यार्थ्याचा हेतु काय होता, हें विचारणारें भारतीय कलम त्या पत्रव्यवहारांत कोठेंच येत नाहीं. त्याची बाजू कोणी ऐकली नाहीं, आणि आपली कांहीं बाजू होती हें त्यालाही कळलें नाहीं. यूट्यूब-डीएल चोवीस दिवसांनीं परत आलें, कारण त्याच्यामागें वकील उभे राहिले. नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयांतील तरुणानें केलेलें लहानसें सॉफ्टवेअर असेंच एका पत्रानें निघून गेलें, तर त्याच्यासाठीं कोण उभें राहील?

म्हणून हक्कधारकांस संरक्षण असावेंच. पण नोटिशीनें काढलेल्या वस्तूस मुदत असावी, तक्रारीचें कारण तिच्या कर्त्यास कळावें आणि उत्तर देण्याची संधि त्याला मिळावी. ज्यानें चित्रपट चोरून विकला त्याला शासन व्हावें. ज्यानें गांवीं जातांना दहा पाठ बरोबर नेले, त्याला त्याच पंक्तींत बसवूं नये.